इंडिकेटरची टकटक ऐकूच येत नाही, आवाज मोठा कसा करता येईल?

संथगती

नमस्कार. माझी गाडी सोळा वर्षांची आहे आणि मी तिच्याहून पुष्कळच जुना आहे. गेल्या वर्षभरात असे लक्षात आले आहे की, लावलेला इंडिकेटर बंद करायचा माझ्याकडून वारंवार राहून जातो. चौकात स्टिअरिंग पुरते फिरवले की इंडिकेटरची दांडी आपोआप जागेवर येते, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. अडचण येते ती लेन बदलताना किंवा रस्ता हलकेच बाजूला वळतो तिथे, कारण तेवढ्याशा फिरवण्याने दांडी सुटत नाही आणि मी एका बाजूचा दिवा मिचकावत मैलोन्‌मैल तसाच जात राहतो. मीटरमधला हिरवा बाण माझ्या बसण्याच्या उंचीमुळे नेमका स्टिअरिंगच्या कडीआड जातो आणि ऊन समोरून असेल तर मान वाकडी करूनही दिसत नाही. म्हणजे भरवसा उरला तो केवळ टकटकीवर, आणि तीच मला ऐकू येत नाही. शेजारी बसलेल्या नातीला मात्र ती स्पष्ट ऐकू येते.

गेल्या आठवड्यात एका फाट्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या चालकाने माझा इंडिकेटर पाहिला, हा आता आत वळणार असे समजून त्याने गाडी पुढे काढली आणि मी सरळच चाललेलो. दोघांचेही ब्रेक वेळेवर लागले म्हणून निभावले. त्याने काच खाली करून मला जे काही सुनावले ते अगदी स्वच्छ ऐकू आले, म्हणजे कान अगदीच गेलेले नाहीत.

गॅरेजमध्ये विचारले तेव्हा ‘आवाजाला काही बटण नसते, तो असतो तसाच असतो’ एवढेच उत्तर मिळाले. माझा प्रश्न असा की, ही टकटक मुळात येते कुठून, आणि ती मोठी करण्याचा सुरक्षित मार्ग कोणता? मला मल्टिमीटर वापरता येतो आणि डाख देता येतो, परंतु गाडीची वायरिंग मी आजवर उघडलेली नाही.

तारजोड

गॅरेजवाल्यांचे उत्तर अर्धे खरे आहे. बटण नसते हे बरोबर, परंतु आवाज कुठून येतो हे एकदा कळले की त्याच्यावर उपाय करता येतो. त्यामुळे काहीही विकत घेण्याआधी आपल्या गाडीत तीनपैकी कोणता प्रकार आहे ते ओळखावे.

सर्वांत जुना प्रकार म्हणजे तापणाऱ्या पट्टीचा फ्लॅशर, म्हणजे दिवे मिचकावणारी डबी. त्यात दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते. विजेच्या प्रवाहाने ती तापते, वाकते, जोड सुटतो, मग थंड होऊन परत सरळ होते आणि जोड पुन्हा लागतो. टकटक हा त्या पट्टीच्या उडीचा आणि जोडाच्या आपटण्याचा आवाज असतो. दुसरा प्रकार आपल्या गाडीच्या वयाच्या गाड्यांत फार आढळतो. त्यात वेळ मोजण्याचे काम एक लहानसे इलेक्ट्रॉनिक सर्किट करते, पण दिव्यांचा प्रवाह जोडण्या-तोडण्यासाठी खरोखरची रिले, म्हणजे विजेच्या चुंबकाने चालणारा स्विच, असते. या रिलेतला लोखंडी तुकडा चुंबकाकडे ओढला जातो तेव्हा एकदा आणि सुटतो तेव्हा एकदा वाजतो. पहिला ठोका आणि दुसरा ठोका यांच्या आवाजात थोडा फरक असतो, म्हणून आपल्याला ते ‘टिक’ आणि ‘टॉक’ असे ऐकू येते.

तिसऱ्या प्रकारात दिवे चालवणारी रिलेच नसते. दिवे एका कंट्रोल मॉड्यूलमधील ट्रान्झिस्टर चालवतात, त्यांचा आवाज होत नाही आणि चालकाला सवय आहे म्हणून मीटरमागच्या छोट्या स्पीकरमधून किंवा थेट म्युझिक सिस्टिममधून टकटकीचा आवाज वाजवला जातो. काही गाड्यांत तर मीटरच्या सर्किट बोर्डावर फक्त आवाज करण्यापुरती एक रिले बसवलेली असते, तिला दुसरे काहीच काम नसते. मला ही कल्पना फार आवडते.

ओळखण्याची रीत सोपी आहे. गाडी बंद ठेवून हॅझर्डचे, म्हणजे सगळे इंडिकेटर एकदम मिचकावणारे बटण दाबावे, कारण हॅझर्ड किल्लीशिवाय चालतो आणि इंजिनाचा आवाज मध्ये येत नाही. मग गुडघ्याजवळच्या फ्यूज बॉक्समधील आणि डॅशबोर्डखालच्या रिलेंना एकेक करून बोट लावत जावे. आपल्या बाबतीत कानापेक्षा बोटांवर भरवसा ठेवलेला बरा. जी डबी दिव्याच्या तालावर बोटाखाली ठोके देईल ती फ्लॅशर. ती हळूच उपटून पाहावी. दिवे आणि टकटक दोन्ही एकदम थांबले तर आपला प्रकार पहिला किंवा दुसरा. अशी डबी कुठेच सापडली नाही तर तिसरा प्रकार समजावा आणि तिथे वायरला हात लावण्याआधी इथे पुन्हा विचारावे.

आणखी एक गोष्ट कळवा: मागे कधी इंडिकेटरचे बल्ब काढून एलईडी बसवले आहेत का? एलईडी फार कमी प्रवाह घेतात, जुन्या फ्लॅशरला तो बल्ब गेल्यासारखा वाटतो आणि दिवे दुप्पट वेगाने मिचकावू लागतात. त्यावर उपाय म्हणून जो फ्लॅशर बदलून दिला जातो तो पुष्कळदा पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक, म्हणजे मुका असतो. अनेकांचा आवाज असा गेलेला असतो आणि दोष मात्र वयाला दिला जातो.

मागच्या सीटवरून

मी थोडे विरोधात लिहितो. टकटक मोठी करण्याचा हट्ट समजतो, पण गाडीत आणखी माणसे बसतात. आमच्या घरच्या गाडीला एका उत्साही नातेवाइकाने इंडिकेटरचा बझर बसवून दिला होता आणि लांबलचक सिग्नलला उभे राहिल्यावर तो दोन मिनिटे जे काही किंचाळायचा, त्यामुळे आमच्याकडे वळणाच्या अगदी तोंडाशी येईपर्यंत इंडिकेटर लावायचाच नाही अशी सवय सगळ्यांना लागली. म्हणजे औषधाने आजार वाढला. आधी सीट दोन बोटे वर घ्यावी, स्टिअरिंग थोडे खाली करावे आणि तो हिरवा बाण दिसतो का ते पाहावे. याला खर्च नाही आणि कुणाचे डोकेही दुखत नाही.

संथगती

दोघांचेही आभार. सीट वर घेतली तर डोके छताला लागते आणि या गाडीचे स्टिअरिंग खालीवर होत नाही, त्यामुळे तो मार्ग खुंटला. पण सिग्नलवरच्या किंचाळीचा मुद्दा पटला, तो लक्षात ठेवीन.

तपासणी केली. डॅशबोर्डखाली, फ्यूज बॉक्सच्या मागे एका जाड फोमच्या वेष्टनात गुंडाळलेली काळी डबी आहे आणि हॅझर्ड लावल्यावर ती बोटाखाली स्पष्ट ठोके देते. डबीला तीन पिना असून त्यांच्याशेजारी ४९, ४९-ए आणि ३१ असे आकडे उमटवलेले आहेत. बल्ब मूळचेच आहेत, एलईडी नाहीत. फोम काढून पाहिला. नात म्हणाली आवाज वाढला, मला मात्र फारसा फरक जाणवला नाही. हे कसे?

कानोसा

याचे उत्तर बहुधा गाडीत नसून कानात आहे. श्रवणयंत्रांच्या क्षेत्रात काम करीत असल्यामुळे या बाजूने थोडे लिहितो.

वयाबरोबर येणारा कमीपणा सर्व स्वरांना सारखा लागत नाही. तो उंच पट्टीपासून सुरू होतो आणि हळूहळू खाली उतरतो. त्यामुळे माणसाला बोलणे ऐकू येते, परंतु ‘साठ’ म्हटले की ‘आठ’ झाले असे वाटू लागते, कारण ‘स’चा सगळा जीव उंच पट्टीत असतो. रिलेची टकटकही तशीच आहे. ती अगदी क्षणभराची, कोरडी खट् असते आणि तिचा ठसठशीतपणा जो काही असतो तो वरच्या पट्टीमुळे असतो. फोम काढल्यावर वाढला तो मुख्यतः वरचाच भाग, कारण मऊ वेष्टन आधी उंच स्वर गिळते. नातीला तो मिळाला, आपल्याला मिळाला नाही. अशा वेळी तोच आवाज नुसता चढवत नेला तर आपल्याला तो पुरेसा होईपर्यंत शेजारच्या माणसाला असह्य होईल. मागच्या सीटवरच्या मित्रांचा अनुभव मला याच जातीचा वाटतो: स्वस्तातले पिझो बझर साधारण २,५०० ते ४,००० हर्ट्‌झच्या दरम्यान वाजतात, म्हणजे तरुण कानाला टोचणारे आणि वयस्क कानाला न पोहोचणारे.

याचे एक मोठे उदाहरण घराच्या धूरसूचकांचे आहे. नेहमीचा धूरसूचक साधारण ३,१०० हर्ट्‌झच्या आसपास किंचाळतो. ऐकू कमी येणारी माणसे त्याने जागी होत नाहीत असे आढळल्यावर अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या आगीच्या सूचनायंत्रणांविषयीच्या मानकाने झोपण्याच्या जागांसाठी ५२० हर्ट्‌झचा खालच्या पट्टीतला आवाज मान्य केला आहे.

गाडीत मात्र एक पेच आहे. टायर, इंजिन आणि वारा यांचा घोंघाट स्वतःच खालच्या पट्टीत असतो, त्यामुळे फार खर्जातला आवाज त्यात बुडून जातो. माझ्या मते ८०० ते १,५०० हर्ट्‌झच्या दरम्यानचा, थोडा खरखरीत आवाज चांगला. किंवा मग टकटकच हवी असेल तर ती ‘खट्’ न राहता ‘ठक्’ झाली पाहिजे, म्हणजे तिला एखाद्या पोकळ फळीचे अंग मिळाले पाहिजे. तंबोऱ्याला भोपळा असतो तो याच कारणासाठी. नुसती तार कितीही छेडली तरी खोली भरत नाही.

अंतराचाही विचार करावा. मोकळ्या हवेत अंतर निम्मे झाले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. ८० सेंटिमीटरवरची वस्तू २० सेंटिमीटरवर आणली तर १२ डेसिबल मिळतात, आणि साधारण १० डेसिबलची वाढ कानाला दुप्पट वाटते. बंद गाडीत हा हिशेब इतका चोख लागू पडत नाही, काचा आणि छत मध्ये येतात, तरी दिशा हीच.

आपण श्रवणयंत्र वापरत असाल तर एक गोष्ट जरूर विचारा. पुष्कळ यंत्रांत भांडे आदळणे, दार आपटणे असे अचानक येणारे ठोके आपोआप दाबण्याची सोय असते. रिलेची टकटक त्याच चाळणीत अडकू शकते. गाडी चालवण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम करून घेता येतो आणि त्यात ही सोय कमी करता येते. कानाची तपासणी झालेली नसेल तर ती आधी करावी, कारण इंडिकेटर ऐकू येत नसेल तर मागून येणाऱ्या सायकलची घंटीही बहुधा येत नसेल.

तारजोड

कानोसा यांनी माझे काम सोपे केले. आता वायरिंगचे सांगतो. हे जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण चूक करण्याच्या जागा यातच आहेत.

आपल्या डबीवरचे आकडे असे वाचावेत: ४९ म्हणजे बॅटरीकडून येणारा पुरवठा, ३१ म्हणजे अर्थ (अर्थिंग, गाडीच्या बॉडीला जोडलेले टोक) आणि ४९-ए म्हणजे दिव्यांकडे जाणारा, मिचकावणारा प्रवाह. हे पाहिल्यावर कुणाच्याही मनात येते की ४९-ए आणि अर्थ यांच्यामध्ये बझर लावला की काम झाले, एकच वायर आणि डावे-उजवे दोन्ही त्यात आले. मीही पहिल्यांदा तसेच केले होते. माझ्या जुन्या गाडीत किल्ली फिरवताच बझर जो अखंड वाजू लागला तो थांबेचना, इंडिकेटर लावला की उलट तो तुटक वाजायचा. कारण काही फ्लॅशरमध्ये दिवे जोडलेले नसताना त्या पिनेवर पुरवठा उभाच असतो. दिव्यांचा भार लागला की मग मिचकावणे सुरू होते. बझर इतका थोडा प्रवाह घेतो की त्याला भार मानलेच जात नाही. म्हणून तो मोह टाळावा आणि दांडीच्या स्विचच्या पुढे, जिथे डाव्या आणि उजव्या दिव्यांच्या वायरी वेगळ्या झालेल्या असतात, तिथून दोन वेगवेगळे फाटे घ्यावेत.

हे दोन फाटे एकमेकांना सरळ जोडले तर डावी आणि उजवी बाजू एक होते आणि कोणताही इंडिकेटर लावला तरी चारी कोपरे हॅझर्डसारखे मिचकावू लागतात. ते टाळण्यासाठी प्रत्येक फाट्यात एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, घालावा. १एन४००७ हा साधा डायोड पुरतो. तो १ अँपिअर सहन करतो आणि आपल्याला त्याचा फार लहान भाग लागणार आहे. डायोडच्या एका टोकाला चांदीच्या रंगाचा पट्टा असतो, ते टोक आवाज करणाऱ्या वस्तूकडे यावे. दोन्ही डायोडांची पट्ट्याची टोके एकत्र करून पुढे १ अँपिअरचा फ्यूज, त्यापुढे आपली वस्तू आणि तिचे दुसरे टोक गाडीच्या बॉडीला, रंग खरवडलेल्या स्क्रूखाली लगने (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कडीने) घट्ट. डायोड मूळ वायरीच्या जोडाशी जितके जवळ ठेवता येतील तितके ठेवावेत, म्हणजे मधली उघडी लांबी कमी राहते.

आता वस्तू कोणती? आपल्याला मी बझर सुचवणार नाही, आणखी एक रिले सुचवीन. गाडीत हेडलाइटसाठी वापरतात तशी १२ व्होल्टची साधी रिले घ्यावी. तिच्या ८५ आणि ८६ या पिना कॉइलच्या, म्हणजे चुंबकाच्या वेटोळ्याच्या, तेवढ्याच वापरायच्या. ३० आणि ८७ मोकळ्या सोडून त्यांना टेप गुंडाळावी. तिला करायचे काम काहीच नाही, फक्त दिव्याच्या तालावर ठोके द्यायचे. कॉइल साधारण दीडशे मिलिअँपिअर घेते. कॉइल बंद होताना व्होल्टेजचा उलटा झटका देते, म्हणून तिच्या दोन पिनांवर आणखी एक डायोड आडवा लावावा, पट्टा पुरवठ्याच्या बाजूला. आधीच आत डायोड असलेली रिले मिळाली तर तिच्या कव्हरवरची आकृती पाहून ८५ आणि ८६ यांची अदलाबदल होणार नाही याची काळजी घ्यावी.

ही रिले कुठेतरी लटकत ठेवली तर सगळी मेहनत वाया जाईल. ती स्टिअरिंगखालच्या प्लॅस्टिकच्या कव्हरला किंवा डॅशबोर्डच्या एखाद्या पोकळ, ताणलेल्या भागाला स्क्रूने पक्की बसवावी. मध्ये रबर, फोम किंवा दुहेरी चिकटपट्टी नको. पक्के बसवण्याआधी इंडिकेटर चालू ठेवून रिले हातात धरावी आणि डॅशबोर्डवर जागोजाग टेकवून पाहावी. जिथे आवाज एकदम भरदार होतो ती जागा. एकाच पॅनलवर दोन इंचांच्या फरकाने आवाज किती बदलतो ते पाहून आपल्याला नवल वाटेल.

मूळ फ्लॅशरच जवळ आणायचा विचार मनात आला असेल तर तो नको. त्यातून दिव्यांचा सगळा प्रवाह जातो. एका बाजूचे २१ वॅटचे दोन आणि ५ वॅटचा एक असे धरले तरी ४७ वॅट, म्हणजे सुमारे ४ अँपिअर, आणि हॅझर्डला त्याच्या दुप्पट. तेवढ्या वायरी लांबवून गुडघ्यापाशी आणण्यात अर्थ नाही.

शेवटी सावधगिरीचे. काम सुरू करण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढावे आणि काही मिनिटे थांबावे. स्टिअरिंगच्या आसपास पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या असतात. त्यांना टेस्ट लॅम्प तर नाहीच, मल्टिमीटरही लावू नये. डावी-उजवी वायर ओळखताना रंगावर विसंबू नये. बॅटरी तात्पुरती जोडून, इंडिकेटर लावून, जी वायर फक्त त्या बाजूला असताना मिचकावते ती आपली.

नवाकोरा

चर्चा जुन्या गाडीची आहे, तरी विचारतो. माझ्या आईच्या नव्या गाडीत डॅशबोर्डखाली अशी कोणतीही डबी नाही, आवाज मीटरमधूनच येतो आणि तिलाही तो कमी पडतो. तिथेही हेच दोन डायोड चालतील का?

तारजोड

जपून. आधी गाडीच्या पडद्यावरच्या सेटिंगमध्ये सूचनांच्या आवाजाची पातळी शोधावी. काही गाड्यांत ती म्युझिकच्या आवाजापासून वेगळी दिलेली असते आणि कुणी उघडूनच पाहिलेली नसते. तिथे नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावे, कारण काही गाड्यांत ही पातळी स्कॅनर जोडून बदलता येते. टकटक म्युझिक सिस्टिममधून येणारी गाडी असेल आणि नंतर बाहेरची सिस्टिम बसवली असेल, तर आवाज त्या बदलातच हरवलेला असू शकतो.

डायोडांचा मार्ग शक्य असतो, परंतु अशा गाड्यांचे मॉड्यूल बल्ब शाबूत आहे का ते पाहण्यासाठी अधूनमधून फार लहान वीजठोके सोडते. बल्ब त्याने पेटत नाही, पण बझर बारीक चिवचिवतो. शिवाय वॉरंटीचा प्रश्न येतो. तिथे स्वतः हात घालू नये असे माझे मत आहे.

कानोसा

आईंच्या बाबतीत एक लहानशी भर. मीटरचा आवाज वाढवण्याआधी पंख्याचा वेग एक टप्पा खाली आणून पाहावा. डॅशबोर्डमधून येणारा हवेचा सळसळाट सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो आणि त्याचे तोंड मीटरच्या शेजारीच असते, त्यामुळे नेमकी हीच टकटक तो सर्वांत आधी झाकतो.

संथगती

काम झाले, म्हणून कळवतो. कानाची तपासणीही करून घेतली. दोन्ही कानांत वरची पट्टी बरीच उतरली आहे असे निघाले, म्हणजे कानोसा यांनी न पाहताच सांगितले होते तसेच.

तीन डायोड, एक फ्यूज आणि एक रिले एवढेच सामान लागले. डाव्या-उजव्या वायरी शोधण्यात अर्धा दिवस गेला, कारण दोन्ही हिरव्याच निघाल्या, एकीवर काळी रेघ आणि दुसरीवर पांढरी, आणि त्या रेघा चष्म्यावर भिंग धरल्याशिवाय दिसेनात. रिले हातात घेऊन डॅशबोर्डवर ठिकठिकाणी टेकवण्याचा प्रयोग नातीने केला आणि मी डोळे मिटून ‘इथे नाही, इथे नाही’ म्हणत बसलो. मीटरच्या वरच्या झापेच्या आतल्या बाजूला टेकवल्यावर एकदम दार ठोठावल्यासारखा आवाज आला. तिथेच बसवली. मोठ्या रस्त्यावर काचा बंद असताना स्वच्छ ऐकू येते. काचा उघड्या असल्या तर वेग वाढल्यावर हरवते, ते मी मान्य केले आहे. नातीच्या मते आवाज ‘जुन्या घड्याळासारखा’ आहे आणि तिला त्याचा त्रास होत नाही. मागच्या सीटवरच्या मित्रांना हे मुद्दाम सांगतो.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित घडली. पहिल्याच दिवशी उजवा इंडिकेटर लावला तर ठोके घाईघाईने, डाव्याच्या जवळजवळ दुप्पट गतीने पडू लागले. मला वाटले डायोड उलटा लागला. उतरून पाहिले तर मागचा उजवा बल्ब गेलेला. तपासणीच्या वेळी मी हॅझर्डच लावला होता आणि बोट डबीवर ठेवून डॅशबोर्डखाली वाकलेला होतो, त्यामुळे तेव्हा हे कळले नाही. आणि तो बल्ब किती महिने तसा होता कोण जाणे.

तारजोड

डायोड बरोबरच आहे. फ्लॅशरने आपले काम केले. वाहनांच्या दिव्यांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या नियमात मिनिटाला ९० वेळा, तीस इकडे किंवा तीस तिकडे, अशी गती दिली आहे. इंडिकेटर चालू असल्याची सूचना चालकाला दिव्याने, आवाजाने किंवा दोन्हींनी देता येते असेही त्यात म्हटले आहे. मात्र केवळ आवाजाने दिली तर तो स्वच्छ ऐकू आला पाहिजे आणि बिघाड झाल्यास त्याची गती ठळकपणे बदलली पाहिजे. बल्ब बदलताना होल्डरमधली हिरवट पूड घासून काढा आणि नवा बल्ब २१ वॅटचाच घ्या, नाहीतर ठोके पुन्हा घाई करतील.

संथगती

बल्ब बदलला, होल्डर घासला. आता दोन्ही बाजूंचे ठोके सारखे पडतात; घड्याळ लावून मोजले, मिनिटाला ८४.